घर रंगवायला काढताय? आधी वायरिंग उरका

दसरा जवळ आला की नागपुरात पेंटर मिळणं कठीण. म्हणून एखादा हाती लागला की आपण लगेच रंग सुरू करतो आणि वायरिंग "नंतर बघू" म्हणून राहून जातं. आमच्या महाल भागातल्या घरी तेच झालं. दिवाळीला रंग दिला, एप्रिलमध्ये कूलर लावायला गेलो तर खिडकीजवळ पॉइंटच नाही. नव्या भिंतीत सहा फूट झिरी पाडावी लागली. भरली, घासली, त्याच डब्यातला उरलेला रंग लावला. तरी तिरपं ऊन आलं की तो पट्टा अजून दिसतो.

त्यामुळे पेंटरला ॲडव्हान्स देण्याआधी हातात खडू घ्या. लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन खोलीखोलीत फिरा. पलंग, कपाट, टीव्ही, एसी, कूलर कुठे येणार ते ठरवा आणि भिंतीवर खुणा करा. वायरची जाडीही तेव्हाच ठरवून घ्या: दिवे-पंख्यांना १.५, साध्या पॉवर सॉकेटला २.५ आणि दीड टनाच्या एसीला किंवा गीझरला ४ चौरस मिलिमीटर. दोन एसी वाढणार असतील तर महावितरणकडचा मंजूर भार पुरतो का, हे बिलावर पाहा. पुरत नसेल तर अर्ज आत्ताच करा.

कूलरच्या पॉइंटवर मात्र काटकसर नको. पत्र्याची बॉडी, खाली पाणी आणि ओल्या हातांनी पाणी भरणारं घरातलं माणूस. कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचतो आपण. तीन पिनांचं सॉकेट, त्यात खरोखर जोडलेली अर्थिंगची वायर आणि मेन बोर्डात ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच), एवढं हवंच. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा असतो, पण आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंग कमजोर पडतं. इलेक्ट्रिशियनकडून ते मोजून घ्या आणि उन्हाळाभर खड्ड्यात पाणी घालत राहा.

मग तोडफोड. झिरी सरळ उभी किंवा आडवी असावी, तिरपी कधीच नको. पुढे खिळा ठोकताना वायर कुठून गेली याचा अंदाज राहतो. कॉलम-बीमला हात लावू देऊ नका. साडेचार इंची भिंतीत आडवी लांब झिरी टाळा. स्विचचा डबा पुट्टीचा थर धरून भिंतीच्या पातळीत बसला पाहिजे. आत गेला तर प्लेट नीट कसली जात नाही, बाहेर राहिला तर प्लेटमागे फट दिसते. पाइप बसले की झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजटेप लावून फोटो काढा.

झिरी सिमेंट-वाळूने भरून घ्या, रुंद असेल तर जाळी लावून, आणि तीन-चार दिवस पाणी मारा. त्यानंतर निदान दोन आठवडे भिंतीला हात लावू नका. ऑक्टोबरच्या उन्हात ती दुसऱ्याच दिवशी कोरडी वाटते, आत ओल असतेच. घाई केली की नेमके त्याच रेषेवर पोपडे सुटतात. पेंटर कुरकुर करेल. तोवर त्याला झिऱ्या नसलेल्या खोलीत कामाला लावा.

वायरी ओढून झाल्या की टोकांना टेप गुंडाळा आणि डब्यांत कागदाचे बोळे कोंबा. पुट्टी घासताना उडणारी पूड स्विचमध्ये शिरली तर नवे स्विचही खराब होतात. मेन बोर्डाचं झाकण बंद करून त्यावर प्लास्टिक चिकटवा. भिंत धुताना किंवा ओली खरवडताना त्या खोलीची एमसीबी पाडलेली असावी. पेंटरला दिव्यासाठी दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन द्या.

पुट्टी, प्रायमर आणि रंगाचा पहिला हात झाला की इलेक्ट्रिशियनला पुन्हा बोलवा. पंखे, दिवे, स्विच त्याने तेव्हाच बसवावेत, कारण शिडीचे आणि हातांचे डाग या टप्प्यावर हमखास पडतात. मग प्लेटा काढून ठेवून, स्विचवर मास्किंग टेप लावून शेवटचा हात. हे दोन फेऱ्यांचं काम आहे, तेव्हा मजुरी ठरवतानाच इलेक्ट्रिशियनला तसं स्पष्ट सांगा.

रंग वाळला की प्लेटा बसवा, आरसीसीबीचं टेस्ट बटन दाबून ती पडते का पाहा, आणि मगच कूलरची पिन लावा.