राखणदारांचे संग्रहालय : खानदेशात एका दालनापासून सुरुवात कशी करावी

निरनिराळ्या धर्मांतील रक्षक देवता, देवदूत आणि गावोगावचे राखणदार यांचे छोटे संग्रहालय खानदेशातील एखाद्या तालुक्याच्या गावी उभारायचे असेल, तर वस्तू गोळा करण्याआधी मांडणी ठरवावी. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन, ख्रिस्ती अशी धर्मवार कपाटे केली, की पाहणारा आपल्या कपाटासमोर थांबतो आणि बाकीच्यांवरून नजर फिरवून निघून जातो. त्याऐवजी राखण कशाची, हा प्रश्न मध्ये ठेवून दालनाचे भाग पाडावेत : पाळणा, उंबरठा, वेस, रान आणि वाट. अशा मांडणीत शेजाऱ्याचा राखणदार आपल्या राखणदाराच्या बाजूला येऊन बसतो, आणि संग्रहालयाचे निम्मे काम तिथेच होते.

पाळण्याच्या भागावर सर्वाधिक मेहनत घ्यावी, कारण तान्ह्या मुलाची काळजी वाहणाऱ्या वस्तू प्रत्येक घरात सापडतात. सटवाईच्या पूजेची मांडणी, काळ्या मण्यांच्या मनगट्या, दर्ग्यातून आणलेला ताईत आणि ख्रिस्ती घरात मुलाच्या खाटेवर लावलेले देवदूताचे चित्र एकाच कपाटात ठेवावे. त्यांच्यामागे अजिंठ्याच्या क्रमांक 2 च्या लेण्यातील हारितीचे मोठे छायाचित्र लावावे. मुले खाणारी ही यक्षिणी बुद्धाच्या उपदेशानंतर मुलांची रक्षक झाली, अशी तिची कथा आहे. जिची भीती वाटते तिलाच राखण करायला बसवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत त्या एका छायाचित्रातून सहज समजावून सांगता येते.

उंबरठ्यासाठी लिंबू-मिरची, बिब्बा आणि घोड्याचा नाल पुरेसे आहेत. वेशीच्या भागात मरीमाय आणि म्हसोबा यांच्याबरोबर पितळखोऱ्याच्या यक्षाची माहिती द्यावी. चाळीसगावच्या घाटापलीकडील या लेण्यांत सापडलेली ती ठेंगणी, हसरी मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि कण्हदास नावाच्या सोनाराने ती घडवल्याचा लेख तिच्या हातावरच कोरलेला आहे. रानाच्या भागात सातपुड्यातील वाघदेव हवाच. वाघ, नाग, सूर्य आणि चंद्र कोरलेली लाकडी फळी एखाद्या कारागिराकडून मुद्दाम नव्याने घडवून घ्यावी आणि वाघबारशीच्या पूजेची माहिती तिच्याजवळ लिहावी.

वाटेचा भाग आपल्या मुलखाला विशेष शोभतो, कारण मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यातच एकमेकांना मिळतात. ट्रकला बांधलेला काळा दोरा इथे ठेवावा. हत्ती, सिंह, साप, आग, चोर, बेड्या आणि बुडणारे जहाज अशा संकटांतून वाटसरूंना सोडवणारा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर अजिंठ्याच्या क्रमांक 4 च्या लेण्यात कोरलेला आहे. त्याचे चित्र दोऱ्याच्या वरच्या बाजूला लावावे. कुराणाच्या 13व्या सूरहच्या (अध्यायाच्या) 11व्या आयतीत (वचनात) माणसाच्या पुढेमागे राहून त्याची राखण करणाऱ्यांचा उल्लेख आहे, तर बायबलमधील 91व्या स्तोत्रात सर्व मार्गांवर रक्षण करण्याची आज्ञा देवदूतांना दिलेली आहे. ही दोन्ही वचने शेजारीशेजारी लावावीत. मात्र आयत सुलेखनातच असावी आणि तिच्याजवळ देवदूताचे चित्र ठेवू नये. मजकूर लावण्यापूर्वी तो गावातील मौलाना आणि धर्मगुरू यांच्या नजरेखालून घालावा.

वस्तू मिळवताना एक नियम काटेकोरपणे पाळावा : पूजेत असलेला देव मागू नये. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ, डोळे आणि दागिने लावून बसवलेली खानदेशची देवी कानबाई कितीही देखणी दिसली, तरी त्या घरातले नारळ त्या कुळाचे आहे. घरच्या मंडळींच्या संमतीने छायाचित्र घ्यावे, रोटांची (कानबाईच्या नैवेद्याची) रीत त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करावी, आणि ती अहिराणीत सांगितली असेल तर पाटीवरही अहिराणीतच द्यावी. लेवा गणबोली, भिली आणि पावरी या बोलींनाही हाच न्याय लावावा, कारण प्रमाण मराठीत आणताना सांगणाऱ्याचा आवाज पुसला जातो.

कायद्याची बाजू आधीच नीट करून घ्यावी. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि तिची नोंदणी करावी लागते. जमिनीत काही सापडले, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. जुन्या ताइतांत खरे वाघनख असू शकते. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते परवान्याशिवाय बाळगता येत नाही, म्हणून कोणी देऊ केले तरी ते ठेवून घेऊ नये आणि देणाऱ्याला वनविभागाकडे जाण्यास सांगावे.

शेंदराच्या मूर्तीकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. तेल आणि शेंदूर यांचे थर पिढ्यान्‌पिढ्या चढत जाऊन दगडावर जाड कवच तयार होते आणि मूळ नाकडोळे त्याखाली झाकले जातात. ते कवच खरवडून ‘खरी’ मूर्ती बाहेर काढण्याचा मोह आवरावा, कारण तो प्रत्येक थर कोणाच्या तरी नवसाचा आहे आणि तोही इतिहासच आहे. शेंदरात शिसे असते, म्हणून अशी मूर्ती हातमोजे घालूनच हलवावी आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे पत्र्याच्या छताची किंवा पश्चिमेच्या उन्हात तापणारी खोली निवडू नये; लाकूड तडकते आणि कापड विरते. कापड आणि कागद यांच्यावरील उजेड 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचे माप) अधिक नसावा.

लोक येऊन हात जोडतील, नाणी आणि फुले ठेवतील, एखादी आजी हळदकुंकूही लावू पाहील. त्यांना अडवू नये, पण प्रत्येक कपाटापासून हातभर अलीकडे एक पितळी ताट ठेवावे आणि तेल, पाणी व हळदकुंकू त्या ताटातच अर्पण करावे, अशी विनंती लिहून लावावी. जमलेली नाणी रोज संध्याकाळी नोंदवहीत लिहून ठेवावीत आणि तो पैसा कोणत्या कामासाठी वापरला जातो, हे दाराजवळच्या फलकावर दर महिन्याला जाहीर करावे.