१५ लाकडं आणि एक जाळ: ‘रॉबिन्सन क्रूसो’चा पहिला डाव

‘रॉबिन्सन क्रूसो’ हा बोर्डगेम घरी आणला, नियमपुस्तिका चाळली आणि खोका पुन्हा कपाटात गेला, असं ज्यांचं झालं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पुस्तिका जाड आहे आणि अपवाद पुष्कळ आहेत. पण या खेळातला एक दिवस कसा जातो हे एकदा कळलं की अपवाद त्या त्या वेळी बघता येतात. म्हणून मी आधी दिवस सांगते आणि मग पहिला सिनॅरिओ, म्हणजे खोक्यातली पहिली कामगिरी, कशी खेळायची ते.

पोलंडच्या इग्नात्सी त्शेविचेक यांनी हा खेळ केला आणि तिथल्याच पोर्टल गेम्सने तो २०१२ साली काढला. एक ते चार जण खेळू शकतात आणि सगळे एकाच बाजूला असतात. जहाज फुटून बेटावर अडकलेली ही माणसं, आणि त्यांच्याविरुद्ध उभं अख्खं बेट. एकजण जरी मेला तरी डाव सगळ्यांचाच संपतो, त्यामुळे ‘माझं बरं चाललंय’ असं इथे कोणालाच म्हणता येत नाही. खोक्यात वेगवेगळे सिनॅरिओ आहेत. पट तोच, माणसं तीच, पण काय साधायचं आणि किती फेऱ्यांत साधायचं हे सिनॅरिओची पत्रिका ठरवते.

सुरुवात ‘कास्टअवेज’ या पहिल्या सिनॅरिओनेच करा. फेऱ्या १२. किनाऱ्यावर लाकडांचा ढीग रचायचा आणि जाळ करायची युक्ती साधायची. दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या फेरीत लांबून जहाज जातं. तेव्हा ढीग पुरा असेल आणि जाळ तयार असेल तर सुटका. ढिगाला आधी १, मग २, ३, ४ आणि ५ अशी एकूण १५ लाकडं लागतात. ऐकायला कमी वाटतात. पण तेच लाकूड निवाऱ्याला, छपराला, कुंपणाला आणि शस्त्राला लागतं, शिवाय थंडीत जाळायलाही लागतं.

आमच्याकडे हा खेळ बहुतेक पावसाळ्यात निघतो. सांगलीत मी, दादा, वहिनी आणि भाचा असे चौघे बसतो. भाच्याला सुतारच हवा असतो, वहिनी स्वयंपाकीण होते, दादा सैनिक आणि मी शोधक. ही चार पात्रं आहेत आणि प्रत्येकाच्या अंगी चार कसब. सुतार एक लाकूड वाचवून बांधतो, स्वयंपाकी काही नसताना अन्न काढतो, शोधक सगळ्यांची उमेद वाढवतो, सैनिक शस्त्र किंवा कुंपण मजबूत करतो. कसब वापरायला जिद्दीच्या चकत्या मोजाव्या लागतात. तिघं असाल तरी खेळ असाच चालतो. दोघांना मदतीला फ्रायडे हा जास्तीचा सोबती मिळतो, आणि एकट्याने खेळणाऱ्याला फ्रायडे आणि कुत्रा दोन्ही.

आता दिवस. एक फेरी म्हणजे एक दिवस, आणि प्रत्येक फेरीचे सहा टप्पे: घटना, उमेद, उत्पादन, कामं, हवामान, रात्र.

सकाळी घटनेचा पत्ता उघडायचा. त्याचा परिणाम लगेच होतो आणि मग पत्ता धोक्याच्या दोन जागांपैकी उजवीकडे बसतो. पुढच्या पत्त्याने तो डावीकडे सरकतो, त्याच्या पुढच्याने बाहेर ढकलला जातो, आणि ढकलला जाताना त्याच्यावर खाली छापलेलं संकट कोसळतं. मधल्या काळात कोणी प्यादी ठेवून ते काम उरकलं तर संकट टळतं, वर काही मिळतंही. उमेदीच्या टप्प्यात पटावरची उमेद शून्याखाली असेल तर पहिल्या खेळाडूच्या जिद्दीच्या चकत्या जातात, आणि चकत्या संपल्या असतील तर जखमा होतात. उत्पादन सोपं: तळ ज्या टाइलवर, म्हणजे बेटाच्या तुकड्यावर, आहे तिथलं अन्न-लाकूड मिळतं. किनाऱ्यावर ते एकेकच असतं.

कामांच्या टप्प्यातच सगळा खेळ आहे, तिथे वेळ द्या.

प्रत्येकाकडे दोन प्यादी. कामं सात: धोका निवारणं, शिकार, बांधकाम, गोळा करणं, शोध, तळ नीटनेटका करणं आणि विश्रांती. आधी सगळ्यांनी मिळून सगळी प्यादी लावायची, मग वरून खाली क्रमाने एकेक काम सोडवायचं. शिकारीला दोन प्यादी लागतातच. बांधकाम, गोळा करणं आणि शोध या तिन्हींत मात्र निवड असते: दोन प्यादी ठेवलीत तर काम नक्की होतं; एकच ठेवलंत तर त्या कामाच्या रंगाचे तीन फासे टाकायचे. एक सांगतो काम झालं की नाही, दुसरा सांगतो जखम झाली का, तिसरा सांगतो साहसाचा पत्ता काढायचा का. काम फसलं तर जिद्दीच्या दोन चकत्या मिळतात, म्हणजे प्यादं अगदीच वाया जात नाही. काम तळापासून लांब असेल तर अंतराप्रमाणे प्यादी वाढतात.

खेळाआधी नव्या माणसाच्या हातात नऊही फासे द्या आणि बाजू मोजायला सांगा. तिन्ही कामांचे फासे सारखे नाहीत. शोधाला एकटं गेलं की साहसाचा पत्ता निघण्याची शक्यता फार. बांधकामात काम फसण्याची भीती जास्त. हे डोळ्यांनी पाहिलेलं असलं की कुठे एक प्यादं पुरेल यावरची चर्चा नेमकी होते.

साहसाचे पत्ते हा या खेळाचा मला सर्वांत आवडणारा भाग. पत्त्याचा वरचा अर्धा भाग आत्ता घडतो. त्यात पुष्कळदा काहीतरी मिळतं किंवा निवड करायची असते, आणि ती केली की पत्ता घटनांच्या गठ्ठ्यात मिसळायचा. मग तो पुढे कधीतरी सकाळी घटना म्हणून परत येतो आणि खालचा अर्धा भाग घडतो. आज घाईत खाल्लेलं चार फेऱ्यांनी पोटात कळ आणतं. म्हणून पत्ता काढणाऱ्याने तो मोठ्याने वाचावा, नुसता ‘एक जखम’ म्हणून पुढे जाऊ नये. परत आल्यावर ‘अगं आत्या, हे तुझंच की!’ असं भाचा ओरडतो तेव्हा ती गोष्ट आमच्या चौघांची झालेली असते. बेटावर खरंच काही दिवस काढल्यासारखं वाटतं ते या पत्त्यांमुळे, आणि असं दुसऱ्या कुठल्या खेळात मला क्वचित वाटलं आहे.

घटनेच्या पत्त्यावर रंगीत प्रश्नचिन्ह असेल तर त्या रंगाच्या कामाच्या साहस-गठ्ठ्यावर चिन्ह ठेवायचं. मग त्या कामाला जाणाऱ्याने दोन प्यादी ठेवली असली तरी पत्ता काढावाच लागतो. हा नियम हमखास विसरला जातो.

दुसरा विसरला जाणारा नियम त्याहून महत्त्वाचा आहे. कामांच्या टप्प्यात मिळालेलं लाकूड, अन्न, कातडी त्याच टप्प्यात वापरता येत नाही. ते बाजूच्या चौकटीत पडून राहतं आणि सगळी कामं संपल्यावरच तुमचं होतं. म्हणजे आज सकाळी जे हातात आहे त्यातूनच आज बांधायचं. आज गोळा केलेलं लाकूड आधी रात्रीच्या हवामानाला तोंड देणार आणि उरलं तर उद्या बांधकामाला येणार.

हवामानात सिनॅरिओच्या पत्रिकेप्रमाणे फासे पडतात. सुरुवातीला आकाश मोकळं, मग पाऊस, मग बर्फ, आणि भुकेली जनावरंही. बर्फाच्या प्रत्येक ढगाला एक लाकूड जळतं, छप्पर कितीही असो. नंतर पाऊस-बर्फाचे सगळे ढग मोजायचे आणि छपराची पातळी वजा करायची. उरलेल्या प्रत्येक ढगाला एक अन्न आणि एक लाकूड जातं. जे कमी पडेल त्याच्या प्रत्येक नगामागे प्रत्येकाला एक जखम. हे ‘प्रत्येकाला’ नीट वाचा: चौघांत दोन लाकडं कमी पडली तर आठ जखमा होतात.

रात्री प्रत्येकाला एक अन्न. ज्याला मिळालं नाही त्याला दोन जखमा. निवारा नसेल तर उघड्यावर झोपल्याची प्रत्येकाला आणखी एक. उरलेलं अन्न रात्रीतून नासतं; डबाबंद किंवा टिकवायची सोय असेल तेवढंच राहतं. त्यामुळे अन्न साठवून ठेवू असा विचार सुरुवातीला सोडून द्या.

आता माझी पद्धत. मी आयुष्यभर हिशेबाचं काम केलं, आणि प्यादी लावायच्या आधी कागदावर रात्रीपासून उलटं मोजते. आज रात्री अन्न किती लागणार? चौघे, म्हणजे चार. सकाळी तळावरून किती आलं? हवामानाचा कोणता फासा या फेरीपासून आहे, आणि तो वाईटात वाईट पडला तर किती ढग? आपलं छप्पर किती? एवढं लिहिलं की आज किती लाकूड आणि अन्न आणलंच पाहिजे हे समोर दिसतं. त्या कामांवर दोन प्यादी. उरलेल्या प्याद्यांनी खुशाल जोखीम घ्या, एकेकटी पाठवा. सगळीकडे दोन-दोन लावलीत तर चौघांची आठ प्यादी चार कामांत संपतात आणि बारा फेऱ्यांत ढीग पुरा होत नाही. सगळीकडे एकेक लावलंत तर जखमा आणि परत येणारे पत्ते मिळून सहाव्या-सातव्या फेरीत गाठतात. ज्या कामावर रात्र अवलंबून आहे ते नक्की करा आणि ज्यावर फक्त उद्याची सोय आहे ते नशिबावर सोडा, असं मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते.

पहिल्या दिवशी गोळा करायला काही नसतं, कारण शेजारची एकही टाइल उघडलेली नसते आणि तळावरचं सकाळीच मिळालेलं असतं. तेव्हा शोधावर जोर द्या, दोन दिशांना. धोक्याच्या जागेवर जहाजाच्या अवशेषांचा पत्ता असेल तर एखादं प्यादं तिकडे वळवा. एकाने तळ आवरावा, त्याने उमेद वाढते किंवा जिद्दीच्या चकत्या मिळतात. टाइल उघडताना नैसर्गिक निवारा असलेली जागा निघाली तर रात्री तळ तिकडे हलवायचा विचार जरूर करा, एवढं लाकूड वाचणं मोठी गोष्ट आहे. पण एकदा छप्पर-कुंपण बांधलंत की तळ हलवताना ते निम्मं होतं, म्हणून हलायचं तर लवकर.

निवारा होईपर्यंत छप्पर आणि कुंपण बांधता येत नाही, हा क्रम लक्षात ठेवा. निवारा झाला की पाऊस सुरू व्हायच्या आत छपराची पहिली पातळी घ्या. शस्त्र एका लाकडात एक पातळी वाढतं; दादाला ते स्वस्त वाटतं आणि तो दर फेरीत मागतो. पण ज्या डावात शिकारीच्या गठ्ठ्यात एकही जनावर आलेलं नाही त्यात शस्त्रावर लाकूड घालू नका. जनावराची ताकद शस्त्रापेक्षा जितकी जास्त तितक्या जखमा शिकाऱ्याला होतात, आणि त्या बदल्यात भरपूर अन्न आणि कातडी मिळते. कातडी निवाऱ्याला आणि छपराला लाकडाऐवजी चालते, म्हणून एक चांगली शिकार कित्येक लाकडं वाचवते.

जाळाची युक्ती अवघड नाही, पण युक्त्यांच्या पत्त्यावर ती साधायला काय लागतं ते छापलेलं असतं: विशिष्ट प्रकारची जमीन सापडलेली असणं किंवा दुसरी एखादी वस्तू आधी केलेली असणं. जमिनी पाच प्रकारच्या आहेत: किनारा, डोंगर, टेकड्या, मैदान, नदी. पहिल्याच फेरीत तो पत्ता वाचा आणि हवी ती जमीन मिळेपर्यंत शोध थांबवू नका. ढिगाचे लहान थर लवकर चढवा. पाच लाकडांचा शेवटचा थर बर्फाच्या फेऱ्यांत जमवावा लागला तर फार ओढाताण होते.

एक गोष्ट नियमांत बसत नाही, पण सांगते. सगळे एका बाजूला असले की जो जास्त खेळलेला असतो तो बाकीच्यांची प्यादीही हलवू लागतो. मग बाकीचे फोन बघतात. आमच्याकडे ठरलं आहे: त्या फेरीचा पहिला खेळाडू आधी बोलतो, अनुभवी माणूस शेवटी, आणि स्वतःचं प्यादं ज्याने त्याने स्वतः ठेवायचं. वहिनी सुरुवातीला ‘तुम्ही सांगा, मी ठेवते’ म्हणायची. आता ती म्हणते, ‘वन्सं, आज मी एकटी जाते लाकडाला, चकत्या आहेत माझ्याकडे, फासा पुन्हा टाकीन.’ तिचं बरोबर असतं, कारण स्वयंपाकिणीच्या कसबांतच गोळा करण्याचा फासा पुन्हा टाकणं आहे.

पहिला डाव बहुधा हराल. तसं झालं तर लगेच दुसरा मांडू नका, आधी कोणत्या फेरीत जखमा वाढल्या ते बघा. बहुतेक वेळा ती छपराविना आलेली पावसाची पहिली फेरी असते. फारच जड जात असेल तर तिघा-चौघांतही फ्रायडेला मदतीला घ्या, सवय झाली की काढून टाका. ‘कास्टअवेज’ दोनदा जिंकलात की शापित बेटाचा सिनॅरिओ काढा. तिथे ढीग नाही, क्रूस उभे करायचे आहेत आणि बेटावर धुकं पसरत जातं, त्यामुळे तळ कुठे आणि शोध कोणत्या दिशेने हे पहिल्या फेरीपासून वेगळं ठरवावं लागतं. रात्रीपासून उलटं मोजायचा कागद मात्र तिथेही तसाच लागतो.