गावच्या जंगलाचा सामूहिक वनहक्क दावा कसा टाकायचा

जंगल कोण राखणार हे फक्त फॉरेस्टवाले ठरवतात असं वाटतं ना, तसं नाहीये. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेलाही जंगल आणि पाणवठे राखायचा अधिकार दिलाय, गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने 2009 लाच सुमारे 1800 हेक्टरवर हक्क मिळवला.

आधी ग्रामसभा बोलवा, निम्मी माणसं हवीतच आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात, कोरम नसेल तर उरकून टाकू नका प्लीज, पुढे तिथेच अडवतात. मग 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडा.

आता खरं काम, शिवारफेरी. म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्याच, मोह कुठे वेचायचो, गुरं कोणत्या नाल्यावर पाणी प्यायची हे त्यांनाच माहीत, आणि त्यांचा लेखी जबाब हा कायद्याने पुरावा धरतात. एकच पुरावा चालत नाही, निस्तारपत्रक (जंगलातून सरपण, चराई वगैरे घ्यायच्या गावच्या हक्कांची जुनी सरकारी नोंद) वगैरे जोडा. नकाशा हाताने काढलात तरी चालेल.

फॉर्म सी भरून ग्रामसभेचा ठराव करा, उपविभागीय समितीकडे द्या आणि पोच घ्याच. अंतिम निर्णय जिल्हा समितीचा. उपविभागीय समितीने नाकारलं तर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे अपील करा, नाकारायचं कारण मात्र लेखीच मागा.