घरबांधणी आणि वस्तीविकासाच्या कामांची निविदा काढताना या चुका टाळा

निविदा उघडण्याच्या दिवशी सगळे सावध असतात. लिफाफे मोजले जातात, सह्या होतात, दर मोठ्याने वाचले जातात. स्पर्धा मात्र बहुतेक वेळा त्याच्या दीड-दोन महिने आधीच बिघडलेली असते. कोणीतरी घाईघाईत मागच्या निविदेचा मसुदा उघडून फक्त तारीख आणि कामाचे नाव बदललेले असते, तिथे. घरे, गटारे, पाण्याच्या वाहिन्या, समाजमंदिरे अशी कामे लोकांच्या पैशातून करणाऱ्या संस्थांच्या फायली मी बरीच वर्षे पाहतो आहे. लेखापरीक्षणात निघणारे आक्षेप क्वचितच नवे असतात. खर्च अमान्य झाला तर ती रक्कम संस्थेला दुसरीकडून उभी करून भरावी लागते, आणि ज्या कुटुंबाला यंदा घर मिळायचे होते त्याची वाट आणखी लांबते. म्हणून हे जरा तपशिलात लिहितो.

अटी कामापेक्षा मोठ्या

एका निविदेत काम होते 12 घरांच्या दुरुस्तीचे. पात्रतेची अट होती, ‘मागील 3 वर्षांत प्रत्येकी किमान 50 घरांची 5 कामे पूर्ण केलेली असावीत.’ अट कोणी मुद्दाम घातली नव्हती. आधीच्या मोठ्या प्रकल्पाच्या मसुद्यातून ती जशीच्या तशी उतरली होती. छपरे, जिने, मोऱ्या यांची दुरुस्ती उत्तम करणारे परिसरातले लहान कंत्राटदार त्या एका ओळीत बाद झाले. दोन निविदा आल्या, दोन्ही अंदाजपत्रकाच्या बऱ्याच वर. मग समिती म्हणते, ‘बाजारच महाग आहे.’ बाजाराला आपण दार उघडलेच नव्हते.

अट लिहिताना प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने एक कारण लिहा: ही अट नसेल तर या कामात नेमके काय बिघडेल? कारण सुचत नसेल तर ती ओळ काढा.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे वस्तूच्या वर्णनात एकाच कंपनीचे नाव. खिडकीचे, नळाचे, लिफ्टचे वर्णन विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून उचलले की नाव न लिहिताही तीच कंपनी ठरते. जाडी, ताकद, गळती, हमीचा काळ अशा कामगिरीच्या भाषेत लिहा. नाव द्यावेच लागले तर ‘किंवा समतुल्य’ असे लिहा आणि समतुल्य कशावरून ठरवणार तेही सांगा. नुसते ‘समतुल्य’ लिहून पुढे प्रत्येक पर्याय नाकारणे हा आक्षेप हमखास निघतो.

आणि ज्याने तपशील किंवा निविदेचा मसुदा लिहून दिला, त्याने त्याच कामाला निविदा भरायची नाही. अमेरिकेच्या संघराज्य निधीला लागू असलेल्या नियमावलीत, म्हणजे 2 सीएफआर भाग 200 मध्ये, हे स्पष्ट शब्दांत आहे. ‘मदत म्हणून फुकट मसुदा करून देतो’ म्हणणाऱ्या पुरवठादाराची मदत म्हणूनच महागात पडते.

तुकडे पाडणे आणि भाग करणे

या दोन गोष्टींत लोक सर्रास गल्लत करतात. छपरांचे एकच काम चार दरपत्रकांत विभागले, प्रत्येक रक्कम, जिच्यावर खुली निविदा सक्तीची होते त्या मर्यादेच्या थोडी खाली ठेवली, आणि चारही आदेश एकाच आठवड्यात निघाले, तर ते तुकडे पाडणे झाले. भारताचे सामान्य वित्तीय नियम 2017 आणि युरोपीय संघाचा सरकारी खरेदीबाबतचा 2014/24 हा निर्देश या दोन्हींत याला मनाई आहे. लेखापरीक्षकाला यासाठी फारसे शोधावे लागत नाही. तो तारखा, रकमा आणि कामाची नावे एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडतो, एवढेच.

उलट, एकाच जाहीर निविदेत कामाचे भाग करून लहान कंत्राटदारांना भाग घेता येईल असे करणे चांगलेच आहे. युरोपीय निर्देशात तर भाग न करण्याचे कारण नोंदवावे लागते. फरक असा लक्षात ठेवा: पद्धत ठरते ती सगळ्या भागांच्या एकत्रित किमतीवरून. भाग कितीही करा, निविदा खुलीच राहते.

अंदाजपत्रक नंतर जोडलेले

फाइलमध्ये अंदाजपत्रक आहे, पण त्यावरची तारीख निविदा उघडल्यानंतरची. हे पाहिले की मला पुढचे काही वाचावेसे वाटत नाही. अंदाजपत्रक निविदा येण्याआधी, स्वतंत्रपणे, तारीख-सहीसह झालेले असले पाहिजे, कारण आलेला दर वाजवी आहे की नाही हे मोजायची तीच एक पट्टी.

मुदत आणि खुलासे

जाहिरातीनंतर किती दिवस द्यायचे हे नियमात असते. भारतात सामान्यपणे किमान तीन आठवडे. हा किमान आकडा आहे, जागा पाहून मोजमाप करावे लागणाऱ्या दुरुस्तीच्या कामाला तो कमी पडतो. एका कंत्राटदाराने फोनवर विचारलेल्या शंकेचे उत्तर फक्त त्यालाच देणे हीसुद्धा नित्याची चूक. प्रश्न लेखी घ्या, उत्तर शुद्धिपत्रकाने सगळ्यांना द्या, आणि परिमाण बदलत असेल तर मुदत वाढवा.

लिफाफा उघडल्यावर

इथे गोंधळ होतो तो साध्या गणितात. समजा, गिलाव्याचा दर लिहिला आहे 125, परिमाण 480 चौरस मीटर, आणि रकमेच्या रकान्यात 6,000. खरा गुणाकार 60,000. आता हा निविदाधारक सर्वांत कमी दराचा ठरतो की नाही? ‘त्याला विचारून घेऊ’ म्हणणे धोक्याचे, कारण बाकीच्यांचे दर तोवर त्याला कळलेले असतात. नियम निविदेत आधीच लिहिलेला हवा. सर्वसाधारण प्रथा अशी की दर ग्राह्य धरायचा आणि रक्कम दुरुस्त करायची, आकडा आणि अक्षरे जुळत नसतील तर अक्षरे मानायची. दशांश चिन्ह उघडच चुकीच्या जागी पडले असेल तर तो अपवाद. दुरुस्ती करताना मूळ आकडा खोडू नका. वर लाल शाईने नवा लिहा, समितीच्या सह्या घ्या.

सर्वांत कमी दर मिळाल्यावर सगळ्यांना बोलावून ‘आणखी किती कमी करता?’ विचारणे बंद करा. भारतीय नियमांत उघडल्यानंतरच्या वाटाघाटी टाळायलाच सांगितले आहे, आणि अपवादात्मक परिस्थितीत करायच्याच तर फक्त सर्वांत कमी दरवाल्याशी. दर पाडायची सवय लागली की पुढच्या वेळी सगळे आधीच चढवून भरतात.

दर फारच खाली असला तरी लगेच आनंदू नका आणि लगेच बादही करू नका. त्याच्याकडून दराचे लेखी विश्लेषण मागवा: साहित्य, मजुरी, यंत्रे. जागतिक बँकेच्या नियमांत असामान्यपणे कमी निविदांसाठी हीच वाट आहे. उत्तर पटले तर काम द्या, नाही पटले तर कारण लिहून नाकारा.

एकच निविदा आली तर

घाबरून लगेच रद्द करणे किंवा डोळे झाकून मंजूर करणे, दोन्ही चूक. आधी स्वतःकडे पाहा: प्रसिद्धी पुरेशी झाली का, मुदत पुरेशी होती का, अटी जाचक होत्या का? ज्यांनी निविदा फॉर्म घेतले पण भरले नाहीत त्यांना फोन करून कारण विचारा आणि ते टिपणीत नोंदवा. सगळे ठीक असेल आणि दर अंदाजपत्रकाशी जुळत असेल, तर भारतीय नियमांत एकच निविदाही वैध धरता येते. अमेरिकेच्या नियमावलीत मात्र सीलबंद निविदा पद्धतीसाठी किमान दोन सक्षम निविदाधारक अपेक्षित असतात, आणि एकाच स्रोताकडे जायचे तर स्पर्धा अपुरी ठरल्याची नोंद करावी लागते. म्हणून पैसा कोणाचा आहे हे पहिल्या पानावर लिहा. दोन ठिकाणचा निधी एकत्र असेल तर जो नियम कडक, तो पाळा.

वास्तुविशारदाची निवड

रचना आणि अभियांत्रिकीच्या सेवेसाठी अमेरिकेत आधी गुणवत्तेवर निवड करून मग वाजवी शुल्क ठरवता येते. ही सवलत तेवढ्याच सेवेपुरती आहे. तीच पद्धत दुसऱ्या सेवेच्या सल्लागारासाठी वापरलेली दिसली की आक्षेप आलाच म्हणून समजा. शुल्क ‘प्रत्यक्ष खर्चाच्या अमुक टक्के’ असे ठरवणे तर तिथे पूर्ण निषिद्ध आहे, कारण खर्च वाढेल तसा सल्लागाराचा फायदा वाढतो.

नातीगोती

समितीतल्या प्रत्येकाकडून हितसंबंध नसल्याचे लेखी घ्या, आणि ते निविदाधारकांची नावे कळल्यावर पुन्हा एकदा घ्या. पहिल्या वेळी कोणालाच माहीत नसते की मेहुणा भागीदार असलेली फर्म भरणार आहे. अमेरिकेतल्या सामुदायिक विकास अनुदानाच्या (सीडीबीजी) नियमांत हितसंबंधांचे बंधन पद सोडल्यावरही 1 वर्ष चालते. जाहीर करून बाजूला बसणाऱ्या सदस्याकडे कोणी संशयाने पाहत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. लपवले तर मात्र पूर्ण निविदाच अडकते.

वाढीव काम

कार्यारंभ आदेशानंतर सगळे सैल होतात. जुनी भिंत उघडल्यावर आतली कुजलेली तुळई बदलणे हे वाढीव काम. शेजारच्या इमारतीलाही रंग देऊन टाकणे हे नवे काम, त्याला नवी निविदा लागते. कंत्राटदार साइटवर आहे, माणसे हाताशी आहेत, म्हणून मोह होतो. प्रत्येक वाढीव बाबीला कारण, दराचे विश्लेषण आणि काम सुरू होण्याआधीची मंजुरी हवी. मंजुरीची तारीख मोजमाप पुस्तिकेतल्या (झालेल्या कामाची मापे लिहायच्या वहीतल्या) नोंदीच्या आधीची आहे ना, हे देयक पास करणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवून तपासावे.