प्रजनन आरोग्याचा तास कसा घ्यायचा: सुरुवात सहीच्या रेघेपासून

एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर) वर्गाला ‘प्रजनन आरोग्य आणि हक्क’ शिकवायचं काम गळ्यात पडलं की बहुतेक जण व्याख्येपासून सुरू करतात. लोकसंख्या आणि विकासावरची १९९४ ची कैरो परिषद, चार ओळींची व्याख्या, मुलं उतरवून घेतात, झालं. परीक्षेत तीच व्याख्या जशीच्या तशी परत येते. आणि तोच मुलगा सहा महिन्यांनी आरोग्य केंद्रात गेला की समोरच्या बाईला पहिला प्रश्न विचारतो, “मिस्टर कुठायत?”

मी पेठ तालुक्यात बरीच वर्षं आरोग्य सहायिका होते. आता नाशकात पाहुणी शिक्षिका म्हणून हा विषय घेते. माझं मत पक्कं आहे: सही कोणाची, खोलीत कोण बसलंय आणि ठरवतंय कोण, या तीन गोष्टी मुलांच्या हाताला लागल्या तर व्याख्या ती घरी वाचू शकतात. हे तास कसे घ्यायचे ते इथे लिहिते. क्रम तुमच्या सोयीने बदला, पण पहिला तास मात्र बदलू नका.

आधी वर्गाची बैठक. या वर्गात बीएएमएस, बीडीएस, नर्सिंग, होमिओपॅथी अशी सगळी मिसळ असते. मुलगे शेवटच्या बाकावर, मुली वहीत मान घालून. मग कोणीतरी वरिष्ठ सुचवतात, “मॅडम, मुलामुलींचा तास वेगळा घ्या ना.” अजिबात घेऊ नका. तांबी (कॉपर-टी) शिकवताना मुलगे बाहेर आणि पुरुष नसबंदी शिकवताना मुली बाहेर, असं केलंत तर हे कामही वाटून घ्यायचं असतं असं ती तिथेच शिकतात. दाराशी झाकणाला चीर पाडलेला एक डबा ठेवा. नाव न लिहिता प्रश्न टाकायचा आणि तासाच्या शेवटी मी मोठ्याने वाचणार. पहिल्या दिवशी चावट चिठ्ठ्या येतील. त्याही वाचा, सरळ चेहऱ्याने, आणि उत्तर द्या. तिसऱ्या तासापासून खरे प्रश्न यायला लागतात.

पहिला तास: फॉर्म सी

गर्भपातासाठी बाईची संमती ज्या कागदावर घेतात तो फॉर्म सी. एकाच पानाचा आहे. त्याच्या प्रती काढा, प्रत्येकाला एकेक द्या आणि एक केस सांगा. मी सांगते ती अशी, नाव मनचं: मंदा, वय २६, पेठ तालुका, दोन मुली. गोळ्या घेत होती, मध्ये खाडा पडला. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस ५ जून. आरोग्य केंद्रात आली ९ ऑक्टोबरला. नवरा दिंडोरीला द्राक्षबागेत गोडी छाटणीला गेलाय. तिला मूल नको आहे. भरा फॉर्म.

वर्ग शांतपणे भरायला लागतो आणि मग कोणीतरी विचारतंच, “मॅडम, नवऱ्याची सही कुठे घ्यायची?” तुम्ही बोलू नका. शोधू द्या. कागद उलटा करून बघतात, शेजाऱ्याच्या कागदात डोकावतात. ‘अमुकची मुलगी किंवा पत्नी’ असा रकाना वर आहे, पण सहीची जागा एकच, आणि ती तिची. अठरा वर्षांखालची मुलगी असेल किंवा मानसिक आजार असेल तरच पालकाची संमती लागते. हे मी फळ्यावर लिहिलं असतं तर मुलं अर्ध्या मिनिटात विसरली असती. शोधूनही न सापडलेली जागा ती विसरत नाहीत. (नसबंदीच्या सरकारी मानकांतही जोडीदाराची संमती लागत नाही. प्रत्यक्षात किती ठिकाणी मागतात, हे नर्सिंगच्या मुलींना विचारा. हात वर येतील.)

आता दिवस मोजायला लावा. ५ जून ते ९ ऑक्टोबर म्हणजे १२६ दिवस, बरोबर १८ आठवडे. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, त्यातली मोठी दुरुस्ती २०२१ ची. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं आणि गर्भनिरोधक फसलं हे कारण चालतं. दुरुस्तीनंतर तिथे ‘विवाहित स्त्री आणि तिचा पती’ नाही, ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असं आहे. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि बाई ठरावीक गटांतली असावी लागते: बलात्कार किंवा नात्यातला अत्याचार सोसलेली, अल्पवयीन, दिव्यांग, गरोदरपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेली, गर्भात गंभीर दोष असलेली, अशा. चोवीसच्या पुढे गर्भातल्या गंभीर दोषासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं.

मंदाचे वीस आठवडे २३ ऑक्टोबरला भरतात. हातात चौदा दिवस. फळ्यावर चौदा चौकोन काढा आणि एकेका मुलाला उठवून एकेक अडथळा टाकायला सांगा. माझ्या वर्गात येतात ते असे: “सोनोग्राफी करून आण”, तीन दिवस गेले. “साहेब रजेवर आहेत, सोमवारी ये.” “बारा आठवड्यांच्या वरचं इथे होत नाही, सिव्हिलला जा.” हे खरंच आहे, पण चिठ्ठी कोणी लिहून द्यायची? पेठवरून नाशिकची एसटी, दोन मुली सोबत, एक दिवसाची मजुरी बुडाली. “नवऱ्याला घेऊन ये”, याला मुलं आपणहून पाच चौकोन देतात. तिथेच २३ तारीख उलटते. आणि मग तीच मंदा, तेच पोट, तेच कारण, पण ती आता कायद्याच्या कोणत्याच गटात बसत नाही. तिचा हक्क कोणी हिसकावून घेतला नाही, फक्त “उद्या ये” म्हणत राहिले. या चौदा चौकोनांवर निम्मा तास गेला तरी जाऊ द्या.

यातल्या एका अडथळ्याला कायद्याचा आधार नाही हे शेवटी सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांच्या गटात बसवलं आणि कुटुंबाची संमती, जादा कागदपत्रं असल्या कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असंही बजावलं.

“पण मॅडम, दोन मुली आहेत तिला”

हा प्रश्न येणारच, आणि येऊ दे. दोन मुली, अठरा आठवडे, म्हणजे लिंगनिदान करून आली असणार, असा हिशेब मुलं पटकन मांडतात. त्यांचा दोष नाही. स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धच्या पाट्या एसटी स्टँडपासून रिक्षाच्या पाठीपर्यंत वाचत ती मोठी झाली आहेत, त्यामुळे गर्भपातच बेकायदा आहे अशी निम्म्यांची समजूत असते. डॉक्टर झालेल्यांचीही.

फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे १९७१ चा कायदा: गर्भपात कोण करणार, कुठे, किती आठवड्यांपर्यंत. उजवीकडे १९९४ चा कायदा: गर्भाचं लिंग तपासणं, सांगणं, त्याची जाहिरात करणं हा गुन्हा. उजवीकडचा कायदा मशीनवर, केंद्रावर आणि सांगणाऱ्यावर लक्ष ठेवतो. (आपल्या राज्याने असा कायदा १९८८ मध्येच केला होता, देशाच्या आधी. हे नाशिकच्या मुलांना माहीत असायला हवं.) मग विचारा: मंदाला दोन मुली आहेत एवढ्यावरून तिला परत पाठवता येतं का? येत नाही. लिंगनिदान झालंय असा संशय असेल तर सोनोग्राफी केंद्राची तक्रार या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे (समुचित प्राधिकाऱ्याकडे) करा. बाईला दारातून हाकलणं हे उजवीकडच्या कायद्यातलं काम नव्हे. इथे वाद होतो, आवाज चढतात. चढू दे.

अल्पवयीन मुलीचं प्रकरण याच ओघात घ्या, कारण आश्रमशाळांच्या तालुक्यांत काम करणाऱ्याला ते टळत नाही. पॉक्सोखाली (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पण त्याच २०२२ च्या निकालाने म्हटलंय की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने त्या माहितीत तिचं नाव, ओळख द्यायची गरज नाही. मुलं हे ऐकून चकित होतात. सतरा वर्षांची मुलगी पोलिसांच्या भीतीने भलत्याच माणसाकडे का जाते, हे त्यांच्याकडूनच काढून घ्या.

साधनांचा डबा

उपकेंद्रातून गर्भनिरोधकांचा एक संच मागून आणा: निरोध, माला-एन (रोजची गोळी), छाया (आठवड्याची गोळी), अंतराची (इंजेक्शनची) कुपी, तांबी, तातडीची गोळी. चित्र दाखवू नका, वस्तू फिरवा. तांबी पहिल्यांदा हातात घेतली की सगळे एकच म्हणतात, “एवढीशीच?” टी आकाराचं प्लॅस्टिक, साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास उंची, दांडीला गुंडाळलेली तांब्याची तार, खाली दोरे. तिचे दोन प्रकार: ३८० ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं. ती काळजात जाते, पोटात फिरते, असं गावात ऐकू येतं. त्यावर हसू नका. गर्भाशयाच्या मॉडेलमध्ये तांबी बसवून दाखवा आणि वरून वाट बंद कशी आहे ते मुलांच्याच बोटाने तपासू द्या. उद्या त्यांनाही हेच करून दाखवायचंय.

छायाचं गणित प्रत्येकाला करायला लावा. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. पहिली गोळी बुधवारी घेतली तर दुसरी शनिवारी. मुलं आधी मोबाइलचा अलार्म सुचवतात. मंदाकडे मोबाइल नाही, नवऱ्याकडे आहे. मग कोणीतरी हुशार मुलगी म्हणते, बाजाराचा वार धरा. बरोबर! आठवडी बाजार चुकत नाही.

अंतरा दर तीन महिन्यांनी. सुई दिल्यावर ती जागा चोळायची नाही, एवढंच पुस्तकात सापडतं. वर्गाला विचारायचं ते वेगळं: सप्टेंबरात पेठला पहिला डोस घेतलेली बाई डिसेंबरात निफाडच्या बागेत मुक्कामाला असेल, तर दुसरा डोस तिला कोण देणार? कार्ड तिच्या पिशवीत आहे की पेठच्या उपकेंद्रात? तिथल्या नर्सबाईंनी “तुमच्या गावाला जा” म्हटलं तर? दर हंगामाला डोंगरातून बागांकडे माणसं उतरतात, तेव्हा नाशिकमध्ये हा प्रश्न सोडून अंतरा शिकवणं म्हणजे फुकटचा वेळ घालवणं.

आता दोन आकडे फळ्यावर, शेजारी शेजारी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी स्त्री नसबंदीवर ३७.९ टक्के, नवऱ्याच्या नसबंदीवर ०.३ टक्के. काही बोलू नका, मागच्या बाकाकडे बघा. बिनटाक्याची पुरुष नसबंदी स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे, हे तिथल्या डॉक्टर मुलांनाच समजावून सांगायला लावा. मग नोव्हेंबर २०१४ चं बिलासपूर सांगा: छत्तीसगडमधल्या एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या नसबंद्या उरकल्या आणि त्यानंतर बायका दगावल्या. नसबंदी शिबिरांबद्दलच्या देविका बिस्वास प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं. उद्दिष्टांचा आकडा माणसापेक्षा मोठा झाला की काय होतं, ते व्याख्येपेक्षा या प्रकरणातून कळतं.

दाराजवळच्या प्रश्नांच्या डब्यात एक चिठ्ठी दरवर्षी असते: “मुलगी आधी कोणासोबत होती हे डॉक्टरला तपासून कळतं का?” उत्तर एका शब्दात: नाही. त्याला शास्त्रीय आधार नाही. म्हसरूळच्या आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये कौमार्याच्या लक्षणांचा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढायचं ठरवलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलात्कार सोसलेल्या बाईची दोन बोटांची (योनीत बोटं घालून करायची) चाचणी करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरा असं सांगितलं.

बाहेर नेताना

महिन्याची ९ तारीख निवडा. त्या दिवशी सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते, गर्दी असते, आणि बघायला तेच हवं. आधी तिथल्या सिस्टरला विचारा, आशाताईंचा वेळ खाऊ नका, फोटो तर मुळीच नाहीत. मुलांनी कोणाची मुलाखत घ्यायची नाही. त्यांनी खोलीचा नकाशा काढायचा. पडदा कुठे, तो पूर्ण ओढला जातो का, की कड्या तुटल्यात? वजन, रक्तगट, एचआयव्हीचा निकाल कोणत्या आवाजात सांगितला, आणि तो बाकावरच्या कितव्या बाईला ऐकू आला? सासू आत येते की बाहेर बसते? तिला बाहेर थांबायला सांगितलं कोणी, आणि कसं? “आजी, तुम्ही जरा चहा घेऊन या” असं एखादी जुनी सिस्टर सहज म्हणते, ते वाक्य वहीत लिहून घ्यायला सांगा. पुढे त्यांना ते स्वतः वापरायचंय.

परत आल्यावर नकाशे भिंतीला चिकटवा. त्यांतून एक दुरुस्ती निवडायची, फुकट किंवा शंभर रुपयांत होणारी, आणि त्या केंद्राला पत्राने कळवायची. तक्रारीच्या सुरात नको.

गुण कसे द्यायचे? निबंध नको. दहा मिनिटांचं समुपदेशन ठेवा, मंदा तुम्ही व्हा. रडा, गप्प बसा, “तुम्हीच सांगा ना काय करू” म्हणा. विद्यार्थ्याने सल्ला दिला तर दोन गुण गेले, पर्याय सांगून थांबला तर राहिले. तिची शेवटची पाळी न विचारता बोलायला लागला तर तीन गेले. आणि “नवऱ्याशी बोलून या” म्हणाला, तर त्याला फॉर्म सी ची कोरी प्रत पुन्हा द्या आणि पुढच्या आठवड्यात परत बोलवा.