कॉलेज टीमचा सेंटर बघायचा कसा? आधी बॉलवरची नजर काढा

माझा भाचा बारावीला आहे, उंची सहा फूट दोन, आणि घरात सगळे मागं लागलेत की मामा तू बास्केटबॉल खेळलायस ना, मग कुठल्या कॉलेजात सेंटर (रिंगजवळ खेळणारा, सहसा टीममधला सगळ्यात उंच प्लेअर) चांगले तयार होतात ते बघून सांग, पोराला तिथंच टाकू. मी खेळलो ते पाच फूट अकरावर सेंटर, कारण आमच्या टीममध्ये माझ्यापेक्षा उंच फक्त बास्केटचा पोल होता. त्यामुळं मी काय एक्सपर्ट नाही, पण ढोपरं खाऊन जेवढं कळलं तेवढं लिहितो.

सगळ्यात आधी उंचीचं भूत डोक्यातनं काढा. एका इंटरकॉलेजला मी सहा-पाचचा एक पोरगा बघितला, त्या दिवशी समोरची टीम बारकी होती, यानं नुसते हात वर करून बॉल टाकले आणि मी गावभर सांगत सुटलो की लई भारी सेंटर बघितला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानानं बुटका पण दणकट पोरगा समोर आला, त्यानं याला कंबरेनं ढकलत ढकलत रिंगपासून लांब नेलं आणि आमचे भारी सेंटर तिसऱ्या क्वार्टरलाच पाच फाऊल करून (पाच झाले की बाहेर) बेंचवर. तेव्हापासून मी एका मॅचवर मत देत नाही.

उंचीपेक्षा हात किती वर पोचतो ते बघा. पोराला भिंतीला उभं करायचं, टाचा जमिनीला, हात सरळ वर, आणि टेपनं मोजायचं. (आमचं चादरीचं दुकान आहे, टेप कायम खिशात.) रिंग ३.०५ मीटरवर असते, त्यामुळं सारख्या उंचीच्या दोघांत ज्याचा हात चार बोटं जास्त पोचतो तो बिनउडी अर्ध काम करून जातो. आणि आपल्याकडं फिबाचे, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेचे नियम, म्हणजे शॉट एकदा रिंगला लागला की बॉल रिंगवर नाचत असला तरी तो उडवता येतो. अमेरिकेच्या कॉलेज गेममध्ये तसा हात लावला की चूक धरतात. म्हणून तिकडचे व्हिडिओ बघून इकडचा सेंटर मोजू नका. अजून एक, आपली थ्री सेकंदची पेटी (रिंगखालचा आखलेला चौकोन, त्यात अटॅक करणाऱ्यानं तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही) ४.९ मीटर रुंद, तिकडची १२ फूट म्हणजे साधारण ३.६६. आपल्या सेंटरला बॉल रिंगपासून लांब मिळतो, नुसतं वळून टाकला असं होत नाही, ड्रॉप स्टेप (पाय मागं टाकून रिंगकडं वळणं) पाहिजे, हुक (एका हातानं डोक्यावरनं टाकलेला शॉट) पाहिजे, पाय पाहिजेत.

आता मुख्य काम. एक वही घ्या, मी दुकानाच्या जुन्या बिलबुकाची कोरी बाजू वापरतो, आणि हाफ लाइनला नाही, बास्केटच्या मागं जाऊन बसा. शॉट सुटला की सगळं पब्लिक बॉलकडं बघतंय, तुम्ही सेंटरच्या पायाकडं बघा. चांगला सेंटर शॉट सुटल्या सुटल्या आधी माणूस शोधतो, पाठ त्याच्या छातीला लावतो, गुडघे वाकवून खाली बसतो आणि मग वर बघतो. कच्चा सेंटर तोंड वर करून बॉलची वाट बघत उभा, लग्नात वाढप्याची बघतात तशी. असं माणूस पाठीनं अडवणं म्हणजे ब्लॉकआऊट, ते केलं की एक रेघ, विसरला की फुली. रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल) कुणाला मिळाला ते इथं लिहायचंच नाही, कारण सेंटरनं समोरचा धिप्पाड माणूस अडवून धरला आणि बॉल आपल्या गार्डनं (बाहेरनं बॉल खेळवणाऱ्या बारक्या प्लेअरनं) उचलला तर स्कोअरशीटवर नाव गार्डचं लागतं, कमाई मात्र सेंटरची.

उंचीशिवाय रिबाउंड होत नाहीत म्हणणाऱ्यांना अमेरिकेतल्या केंटकी युनिव्हर्सिटीचा ऑस्कर शिब्वे सांगा. सहा फूट नऊ, तिकडच्या मानानं सेंटरला काय फार नाही, पण २०२१-२२ च्या सीझनला मॅचला १५.१ रिबाउंड काढले आणि देशातला बेस्ट कॉलेज प्लेअर ठरला.

दुसरी रेघ स्क्रीनची, म्हणजे आपल्या प्लेअरला मोकळं करायला समोरच्याच्या वाटेत उभं राहण्याची. स्क्रीन लावताना पाय रोवून उभा राहतो का हलतो (हलला की फाऊल), आणि स्क्रीन झाल्यावर बॉलकडं तोंड ठेवून रिंगकडं पळतो का तिथंच खांब होतो. तिसरी रेघ पळण्याची. बॉल गेल्यावर परत किती स्पीडनं येतो हे पहिल्या क्वार्टरला बघून उपयोग नाही, तिथं सगळेच हरीण असतात. चौथ्या क्वार्टरला बघा, तेही आपल्या सोलापूरच्या मार्चच्या उन्हात, सिमेंटच्या कोर्टवर, मग कळतंय कुणात किती दम आहे ते.

फाऊलचं जरा डोकं लावून बघा बे. किती केले यापेक्षा कसे केले ते लिहा. हात सरळ वर ठेवून छाती दिली आणि रेफ्रीनं शिट्टी मारली तर मी त्याला माफ करतो. दमून हात खाली आणून फटका मारला तर ती सवय आहे, ती कोचनं मोडली नाही म्हणजे कोचचाही मार्क कापा.

आणि पॉइंट? बघा, पण शेवटी. २०२४ ची एनसीएए (अमेरिकेची कॉलेज स्पर्धा) फायनल आपल्याकडं सकाळी होती, मी शटर उशिरा उघडून बघितली. पर्ड्यू युनिव्हर्सिटीचा सेंटर झॅक ईडी, सात फूट चार, त्यानं एकट्यानं ३७ मारले आणि तरी यूकॉनकडून (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) ७५-६० नं हरले. यूकॉननं ईडीला बहुतेक एकावर एक सोडला आणि बाहेरच्या शूटरना सोडलंच नाही, सगळ्या पर्ड्यूचा मिळून एकच थ्री (लांबनं मारलेला तीन पॉइंटचा शॉट) गेला. म्हणजे सेंटर बघताना त्याला बॉल देणारे गार्ड आणि बाहेर उभे शूटर कसे आहेत तेही बघायला लागतं, नाहीतर चांगला पोरगा वाया जातोय.

कॉलेज निवडायचं असेल तर एक सेंटर बघून चालत नाही, एकामागं एक तयार होणाऱ्या सेंटरांची ओळ बघा. तोच ईडी दहावीच्या आसपास बास्केटबॉलकडं वळला, पर्ड्यूत पहिल्या वर्षी मॅचला ८.७ पॉइंट, दुसऱ्या वर्षी १४.४, मग २२.३, मग २५.२. दुसऱ्या वर्षी तर तो टीममधल्याच दुसऱ्या मोठ्या प्लेअरबरोबर, ट्रेव्हियन विल्यम्सबरोबर, मिनिटं वाटून खेळत होता. इकडंही तसंच तपासा, फर्स्ट इयरचा पोरगा थर्ड इयरला बदललाय का, डाव्या हातानं टाकायला लागलाय का, फ्री थ्रो सुधारलाय का, का तीन वर्षं तोच एक शॉट. मेन सेंटर बसला की आत कोण येतो, आणि त्याला कोच पाच मिनिटं तरी देतो का, का मॅच हातातनं गेल्यावरच. प्रॅक्टिसला एकदा संध्याकाळी जाऊन बसा. उंच पोरांना वेगळं घेऊन कुणी पायांचं काम करून घेतंय का, का सगळ्यांना एकच लेअपची (पळत येऊन जवळनं टाकायच्या शॉटची) लाइन, हे वीस मिनिटांत दिसतंय.

भाच्यासाठी आत्तापर्यंत दोन कॉलेजं बघून झाली. एकाचा सेंटर मॅचला वीसच्या पुढं मारतो, पण माझ्या बिलबुकात त्याच्या नावापुढं फुल्याच फुल्या. दुसऱ्याचा सहा-एकचा पोरगा आहे, पॉइंट सहा नाहीतर आठ, रेघा मात्र पान भरून, आणि त्याच्या मागं बेंचवर अजून दोघं तशीच ब्लॉकआऊट करणारी. बहिणीला पहिलं पसंत आहे, कारण तिथं हॉस्टेलची मेस चांगली आहे म्हणे.