आरशाने सिग्नल कसा द्यायचा, पायलट लोकांची पद्धत

आमच्या खारघरच्या सोसायटीत एक काका आहेत, एअरफोर्समधून रिटायर, हेलिकॉप्टरवर होते. आम्हा ट्रेकवाल्या पोरांना त्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली, वरून माणूस दिसत नाही. कितीही हात हलवा, झाडीत तुम्ही ठिपका पण नसता. म्हणून इजेक्ट झालेला पायलट, आपल्याच हद्दीत असेल तर, पॅराशूट फेकून देत नाही, उघड्यावर पसरून ठेवतो, आणि त्याच्या किटमध्ये छोटा आरसा असतो.

आरसा नसेल तर जुनी सीडी घ्या, तिचं मधलं भोकच कामाचं आहे. चकचकीत बाजू बाहेर ठेवून भोक डोळ्याला लावायचं, दुसरा हात लांब करून दोन बोटं व्ही सारखी फाकवायची, टार्गेट त्या दोन बोटांच्या मध्ये धरायचं आणि मग सीडी हळूहळू तिरकी करत कवडसा बोटांवर आणायचा. कवडसा बोटांवर आला की प्रकाश टार्गेटवर पण पडतोय. मला पहिल्या दिवशी अर्धा तास लागला, कवडसा सारखा बाजूच्या भिंतीवर पळायचा.

प्रॅक्टिस गच्चीवरून आपल्याच सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर करा. आता नवी मुंबई एअरपोर्ट सुरू झालंय, विमानांवर कवडसा अजिबात मारायचा नाही, पायलटचे डोळे दिपतात. लेझर तर कधीच नको.

पावसाळ्यात खारघर हिल्सवर ऊन कुठलं, तिथे शिट्टीच. मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, परत सहा, उत्तर मिनिटाला तीनचं येतं. रात्री टॉर्चने हेच. आणि रेंज असेल तर सगळ्यात आधी ११२ लावा, बाकी सगळं नंतर.

जमिनीवर खूण करायची तर इंग्रजी व्ही म्हणजे मदत हवी, एक्स म्हणजे डॉक्टर हवा. प्रत्येक रेघ कमीत कमी अडीच मीटर हवी आणि रंग उठून दिसला पाहिजे, हिरव्या गवतावर हिरवी ताडपत्री टाकून काय उपयोग, भगवी किंवा पांढरी घ्या आणि कडांवर दगड ठेवा.

हेलिकॉप्टर जवळ आलं की मात्र ताडपत्री, टोप्या, पिशव्या सगळं गुंडाळून अंगाखाली दाबून बसा, पंख्याच्या वाऱ्याने उडून ते वर पात्यात जाऊ शकतं, आणि ते लोक खूण करेपर्यंत जागेवरून हलू नका.